बुडबुडा मधोमध

मित्रांनो, बाटलीच्या झाकणाएवढा माझा घेर आणि अर्ध्या बोटाएवढी माझी उंची. तेवढ्यात मावणारी मी एक जुनी पाणसळ आहे. गवंड्याच्या पिशवीत लांबट पाणसळ तुम्ही पाहिली असेल, ती माझी थोरली बहीण. मी गोल आहे. माझ्या पोटात हिरवट पिवळं पाणी आहे, पाण्यात एक बुडबुडा आहे आणि काचेवर एक काळं वर्तुळ आखलेलं आहे. बुडबुडा वर्तुळात असला की समजावं, जागा सपाट आहे. बाहेर गेला की समजावं, कुठेतरी वाकडं आहे. आयुष्यभर मी हे एकच काम केलं.

कारखान्यात मला पाण्याने भरताना थेंबभर जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सगळ्या बाटल्या काठोकाठ भरतात आणि आपल्याच नशिबी हा पोकळपणा का, असं वाटायचं. नंतर कळलं की तो रिकामा थेंब हाच माझा जीव आहे.

दुकानातल्या खिळ्यावर मी टांगलेली असताना मला डेल्बर्ट हॉगनने निवडलं. त्याने चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम केलं होतं आणि त्याची बायको अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघं निवृत्त झाली, घर विकलं, भांडीकुंडी बहिणीच्या गळ्यात घातली आणि एक लांबलचक घरगाडी घेतली. पुढे स्टिअरिंग, मागे पलंग, मध्ये चूल आणि मोरी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं त्यांचं बिऱ्हाड चाकांवर आलं. डेल्बर्टने मला चुलीशेजारच्या ओट्यावर चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. त्या अंगठ्याची ऊब मला अजून आठवते.

मित्रांनो, घरगाडी रोज नव्या जमिनीवर उभी राहते आणि जमीन काही कुणासाठी सपाट होऊन बसलेली नसते. गाडी कलती उभी राहिली तर तव्यातलं अंडं एका बाजूला पळतं, मोरीचं दार आपोआप उघडतं आणि गॅसवरचा फ्रिज रुसून बसतो. म्हणून रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की अर्डिस माझ्यावर वाकायची आणि डेल्बर्ट खाली उतरून चाकांपाशी पिवळे प्लास्टिकचे ठोकळे मांडायचा.

"पुढचं उजवं, एक ठोकळा!" ती खिडकीतून ओरडायची.

"एकाने भागेल?"

"तू बुडबुडा बघतोयस की मी?"

मग गाडी हळूच ठोकळ्यावर चढायची. माझ्यातला बुडबुडा निजलेल्या मुलाने कूस बदलावी तसा सरकत वर्तुळात यायचा. "बास, बास! मधोमध!" अर्डिस म्हणायची. डेल्बर्ट किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा आणि त्या शांततेत दोनच शब्द बोलायचा.

"आलो घरी."

कधी बाहेर लाल डोंगर असायचे, कधी समुद्र, कधी नुसतं एखाद्या बंद दुकानाचं मैदान. शब्द तेच असायचे. अकरा वर्षांत मी ते इतक्यांदा ऐकले की आता त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या पाण्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. खिडकीतलं आभाळ माझ्यात उतरायचं, बुडबुडा त्यात ढगासारखा तरंगायचा आणि आपण नेमके कुठे आहोत हे मला पुष्कळदा कळायचंच नाही. सपाट आहोत एवढं कळायचं आणि तेवढं पुरायचं. शेजारच्या मुक्कामातल्या एका नव्याकोऱ्या गाडीला आपोआप सपाट होण्याचं यंत्र होतं. एकदा ते बिघडलं तेव्हा त्या गाडीचे मालक मला बघायला आले. अर्डिस मोठ्या दिमाखात म्हणाली, "आमची ही झाकणाएवढी आहे, पण खोटं बोलत नाही." त्या दिवशी मी फुगून फुटायचीच बाकी होते.

मग ॲरिझोनाच्या वाळवंटात एका सकाळी अर्डिस गाडीच्या घडीच्या पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की बाई, आता अशा पायऱ्या चढायच्या नाहीत. डेल्बर्टने एका शब्दाने कुरकुर केली नाही. नेब्रास्कात, अर्डिसच्या बहिणीच्या, म्हणजे मर्नाच्या शेजारचं एक जुनं लाकडी घर त्यांनी घेतलं. जानेवारीत गाडी अंगणातल्या कॉटनवूडच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. डेल्बर्टने सवयीने उजव्या चाकाखाली दोन ठोकळे सरकवले आणि माझ्याकडे बघून गाडी सपाट केली. इंजिन बंद झालं. मी वाट पाहत राहिले. तो काही न बोलता उतरून घरात गेला.

माझी खिडकी आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर आहेत, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं आणि ऐकलं. जित्याची खोड काही सहज जात नाही. घरात पाच खोल्या, पण दोघं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात गुडघ्याला गुडघा लावून जेवायची. अर्डिस ताटल्यांच्या मध्ये अजून फडकी घालायची, वळणावर खडखडू नयेत म्हणून. नळाला हवं तेवढं पाणी असून साबण लावताना शॉवर बंद करायची. डेल्बर्ट वाणसामान आणायला निघाला की आधी घराभोवती एक चक्कर मारून काही लोंबत नाही ना, हे तपासायचा.

मर्ना कुंपणावरून ओरडायची, "डेल, घर खुंट्याला नीट बांधलंयस ना? तू दुकानात गेलास आणि घर निघून गेलं तर?"

"तू आहेस ना राखणीला!" डेल्बर्ट म्हणायचा. हसायचा, पण डोळे लाल असायचे.

घरात एक नवा प्रश्न जन्माला आला होता. "तू कुठे आहेस?" अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता. गाडीत हात लांबवला की माणूस सापडायचं. आता एक ह्या खोलीतून हाक मारायचा, दुसरी त्या खोलीतून ओ द्यायची आणि दोघं एकमेकांना शोधत फिरायची.

डेल्बर्टला त्या घरात झोप येत नव्हती. त्याने तीन उशा घेऊन पाहिल्या, मान मात्र धरली. दुपारी तो गाडीत येऊन आडवा व्हायचा आणि क्षणात घोरायला लागायचा. उठला की खजील होऊन माझ्याशी बोलायचा. "काय करू गं? रस्ता सुटत नाही. तिला कोणत्या तोंडाने सांगू?" मी काय सांगणार? मला एकच भाषा येते. माझा बुडबुडा मधोमध होता, कारण गाडी सपाट होती. घराचं मला कुणी विचारलंच नव्हतं.

जून उजाडला. कॉटनवूडचा कापसासारखा पांढरा भुरा हवेत तरंगू लागला. गाडीच्या टपावर, पायरीवर, सगळीकडे मऊ थर बसला. माझ्यावर धूळ साचली होती आणि दिवस स्वप्नातल्यासारखे एकमेकांवरून घसरत होते. एका सकाळी त्या भुऱ्यातून अर्डिसचा आवाज आला.

"शनिवारी ते तरुण जोडपं गाडी विकत घ्यायला येणार आहे. त्याआधी काय ते सांग. निघायचं असेल तर निघू."

"आणि तुझा खुबा?"

"खुब्याचं मी बघेन. तुझं तोंड बघवत नाही मला."

"मी काही म्हटलंय का?"

"नाही ना! तेच म्हणते मी. पाच महिने झाले, एकदाही म्हणाला नाहीस."

"काय म्हणालो नाही?"

अर्डिसने तवा आपटला. काय म्हणायचं राहिलं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही. पण डेल्बर्ट खोटं बोलणारा माणूस नव्हता. मला भीती वाटली. ती पुन्हा त्या पायऱ्या चढायला लागली आणि पुन्हा पडली तर? नाही चढली, तर हा माणूस त्या घरात असाच वाळत जाणार. त्या दोघांपैकी कुणाचंही वाकडं झालेलं मला बघवणार नव्हतं.

गुरुवारी डेल्बर्ट नेहमीप्रमाणे गाडीत येऊन झोपला. समोर घरात अर्डिसने स्वतःसाठी चुलीवर तवा ठेवला आणि अंडं फोडलं. मग ती हातात उलथनं धरून तव्याकडे बघतच राहिली. तिने तवा फिरवून पाहिला. अंडं पुन्हा त्याच बाजूला गेलं. शाळेत तीस वर्षं अंडी तळलेली बाई ती, तिला तव्याचा दोष आणि जमिनीचा दोष वेगळा कळतो.

दारातून ती काठी टेकत अंगणात आली. तिने काठी गाडीला टेकवली, दाराशेजारचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि लहान मूल चढतं तशी आडवी होऊन एक पाय वर, मग दुसरा पाय, अशी ती पायऱ्या चढू लागली. त्या तीन पायऱ्यांना जितका वेळ लागला तितक्या वेळात माझं पाणी आटेल की काय असं मला वाटलं.

डेल्बर्ट धडपडून उठला. "अर्डी! त्या पायऱ्या! काय झालं? निघायचं का? निघू या, पण तू आधी खाली बस."

"गप्प बैस. लोण्याची सुरी दे."

"सुरी?"

"दे म्हणते ना!"

अकरा वर्षांचा डिंक होता. सुरीने मला उचकटताना मला दुखलं, खोटं कशाला सांगू? पण तिने मला पाखराच्या पिल्लासारखं मुठीत धरलं. डेल्बर्टचा हात धरून ती उतरली आणि थेट झोपायच्या खोलीत गेली. पलंगाच्या उशाकडच्या सपाट फळीवर तिने मला ठेवलं.

मित्रांनो, माझा बुडबुडा धावत सुटला. वर्तुळाबाहेर, पार दुसऱ्या टोकाला. घर उत्तरेकडे चांगलं दोन बोटं कललेलं होतं आणि पलंगाची उशी नेमकी उत्तरेला होती. पाच महिने तो माणूस डोकं खाली आणि पाय वर करून झोपायची खटपट करत होता. अकरा वर्षं मला विचारल्याशिवाय अंग न टाकणारी ही दोघं, घर म्हणजे सपाटच असणार असं धरून चालली होती.

डेल्बर्ट माझ्यावर वाकला. "आपण वाकडे उभे आहोत," तो हळूच म्हणाला.

"जानेवारीपासून," अर्डिस म्हणाली.

आवाज ऐकून मर्ना आली होती. ती म्हणाली, "अरे, ह्या गावात सरळ घर एक दाखवा! आम्ही जन्मापासून उत्तरेला घसरतोय. तुम्हालाच मेली नाजूक झोप!"

डेल्बर्ट बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि अर्डिसचा चेहरा क्षणभर उतरला. पण गाडी फक्त हातभर पुढे आली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ते दोन पिवळे ठोकळे होते. खिडकीतून मला दिसलं, झाडाखाली माझी गाडी एका अंगावर कलून उभी होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तो खाटेशी बसला. मर्नाने एक बाजू उचलून धरली. अर्डिस माझ्यावर वाकली आणि पाच महिन्यांनी तो आवाज घरात घुमला.

"उजव्या पायाखाली ठोकळा!"

"एकाने भागेल?"

"तू बुडबुडा बघतोयस की मी? आता डावा. अजून जरासं. पुठ्ठा आहे का काही?"

डेल्बर्टने भिंतीवर लावलेलं एक पोस्टकार्ड काढलं, त्यावर लाल डोंगर होते. दुमडून त्याने ते ठोकळ्याखाली सरकवलं.

"बास, बास! मधोमध!"

डेल्बर्ट बुटांसकट पलंगावर आडवा झाला. एरवी तिने बुटांवरून घर डोक्यावर घेतलं असतं. त्याने छताकडे बघत उजवा हात वर केला आणि हवेतच, हळूच, किल्ली फिरवली. खोलीत एकदम शांत झालं.

"आलो घरी," तो म्हणाला.

अर्डिस पलंगाच्या कडेवर बसली आणि मनसोक्त रडली. डेल्बर्टला ते ऐकू गेलं नाही, तो केव्हाच झोपला होता.

शनिवारी ते तरुण जोडपं आलं आणि गाडी घेऊन गेलं. डेल्बर्ट प्रामाणिक माणूस, त्याने विचारलं, "ही पाणसळ गाडीचीच आहे. द्यायला हवी ना?" अर्डिसने त्यांना दुकानातली नवी आणून दिली. मी पलंगावर राहिले.

आता मी म्हातारी झाले आहे. माझं पाणी फिकट झालंय आणि काचेवर एक चरा आहे. जुनं घर दर वसंतात आणखी जरासं उत्तरेकडे घसरतं आणि माझा बुडबुडा केसभर सरकतो. मग अर्डिस आणखी एक पोस्टकार्ड दुमडते. समुद्र झाला, वाळवंट झालं, परवा एक बर्फाचं शिखर पायाखाली गेलं. त्यांचे सगळे रस्ते आता त्या पलंगाखाली आहेत.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी नव्याने आलं, आणि त्याला काही केल्या झोप लागत नसेल, तर 'ह्याचं मन इथे नाही' असं एकदम म्हणू नका. आधी वाकून त्याच्या खाटेचे पाय बघा.