बोलणं फुकट झालं तेव्हा

हमामा आणि फनार या दोन मोबाइल कंपन्या एक झाल्याची बातमी गाबेस गावात सगळ्यांत आधी शाझलीच्या कॉफीच्या दुकानात पोचली आणि त्या दुपारी पत्त्यांचा डाव काही पुरा झाला नाही. फोनची कंपनी हा असा विषय आहे की त्यावर बोलायला अक्कल लागत नाही, हातात फोन असला की पुरे. त्यामुळे सगळेच बोलत होते. फनारवाल्यांना भीती, की त्यांचं चांगलं नेटवर्क आता हमामाच्या पायी बिघडणार. हमामावाल्यांना भीती, की त्यांचे स्वस्त दर फनारच्या पायी चढणार. दोघांचंही म्हणणं खरं असावं.

"आधी दोन चोर होते," शाझली काउंटरमागून म्हणाला. "एकमेकांवर डोळा ठेवून असायचे, म्हणून आपल्या खिशात थोडंफार उरायचं. आता त्यांची सोयरीक झाली. वरात निघणार ती आपल्या खर्चाने."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदमच टुणटुणले. सालमने चष्मा चढवला आणि आलेला मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. सालम खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. तिथल्या यंत्रांच्या आवाजामुळे त्याला हळू बोलणं माहीतच नव्हतं. "येत्या एक तारखेपासून आपला जुना कार्डाचा प्लॅन बंद होत आहे. महिन्याची ठरावीक रक्कम आपोआप कापली जाईल. हमामा आणि फनारच्या कुठल्याही नंबरावर कितीही बोला, वेगळे पैसे पडणार नाहीत."

महिन्याच्या रकमेवरून शिव्यांचा एक फेरा झाला. पण कितीही बोला म्हटल्यावर माणसं जरा विरघळली. कोणाची बहीण स्फाक्सला, कोणाचा भाऊ ट्यूनिसला. एक जण तर लगेच बायकोला फोन लावून जेवायला काय आहे ते विचारू लागला, जणू एक तारीख उजाडलीच होती.

"मला नको," कोपऱ्यातून लझहर म्हणाला.

"काय नको?"

"फुकट बोलणं. मला माझा जुना प्लॅन पाहिजे."

सगळे हसले. लझहरने उभी हयात गाबेस ते ट्यूनिस शेअर टॅक्सी हाकण्यात घालवली होती आणि पैशाच्या बाबतीत तो कोणाला सोडत नसे. "अरे, फुकट्या उतारूला तू भर रस्त्यात उतरवून द्यायचास," सालम म्हणाला, "ती सवय अजून गेली नाही होय? आता तूच फुकटचा उतारू झालायस. बस गुमान."

लझहर हसला नाही. कॉफी अर्धी टाकून तो उठला आणि घरी गेला.

त्याचं कारण सांगायचं तर सहा वर्षं मागे जावं लागेल. दोरसाफ ही त्याची एकुलती एक मुलगी. ती ट्यूनिसला शिकायला होती तेव्हा बापलेकीत एक ठरलेलं होतं. दिवेलागणीला खोलीवर पोचली की तिने एक रिंग देऊन फोन तोडायचा. एक बीप, म्हणजे मी पोचले, सगळं ठीक. मग लझहरने उलट एक बीप द्यायची, म्हणजे कळलं. तिचा फोन फनारचा, याचा हमामाचा, आणि एका कंपनीतून दुसरीकडे बोलायचं तर कार्ड बघता बघता रिकामं व्हायचं. बीप उचलायची नाही हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जो उचलतो तो समोरच्याचे पैसे खातो, आणि असल्या माणसाला गाबेसात कोणी चांगलं म्हणत नाही. लझहरची बायको मन्नूबिया दोघांना हसायची. "पैसे वाचवता की शब्द?" म्हणायची. त्याच साली ती गेली.

पुढे लझहरने सालमच्या मुलाशी दोरसाफचं लग्न ठरवलं. दोन्ही घरांनी बसून सोयरीक पक्की केल्याची फातिहाही वाचली. दोरसाफने सरळ नाही म्हटलं आणि बिझर्तच्या एका शाळामास्तराशी लग्न केलं. चारचौघांत लझहरचं नाक कापलं गेलं. रागाच्या भरात त्याने याच दुकानात, सगळ्यांच्या देखत अल्लाची शपथ घेतली, की या मुलीशी मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. माणूस तापट, शपथ पक्की, आणि ऐकणारे वीस जण. आता मागे कसा येणार?

त्याच संध्याकाळी फोन वाजला. एकदाच. लझहर फोन हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला. शपथ घेतली होती शब्दाची, आणि बीप काही शब्द नव्हे. त्याने उलट एक बीप दिली. तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती. तिला मुलगी झाली तेव्हा भर दुपारी बीपवर बीप आली. काय झालं ते दुसऱ्या दिवशी सालमच्या बायकोकडून कळलं. सालमला सगळं ठाऊक होतं. दिवेलागणीला, मगरिबच्या अजानीनंतर, लझहर खिशात हात घालायचा, तेव्हा सालम मुद्दाम पत्ते पिसायला घ्यायचा.

म्हणजे इतकी वर्षं त्या पोरीचा फोन न उचलायला लझहरकडे एक सभ्य कारण होतं. पैसे. ते कारण आता कंपनीने काढून घेतलं होतं. बोलणं फुकट असताना मुलीचा फोन वाजतो आणि बाप उचलत नाही, याचा अर्थ एकच होतो, आणि तो अर्थ तिला कळावा असं लझहरला मुळीच वाटत नव्हतं. खरं तर तो अर्थ आता राहिलाच नव्हता. राग कधीचा विरला होता, नुसती शपथ उरली होती.

दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या दुकानात गेला. पाटीवर दोन्ही नावं आली होती, रंग अजून ओला होता. आत बरीच गर्दी. एकाला नेटवर्क मिळत नव्हतं, एका बाईचे पैसे दोनदा कापले होते. काउंटरवरची मुलगी, अबीर तिचं नाव, सकाळपासून शिव्या खाऊन कंटाळली होती.

"बोला काका, तुमचं काय?"

"मला नवा प्लॅन नको. बोलण्याचे पैसे पडतात तो जुना द्या."

"पैसे पडतात तो?"

"हो."

अबीरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काका, सकाळपासून माणसं माझ्याशी भांडतायत, सगळ्यांना काही ना काही कमी करून हवंय. तुम्ही पहिलेच, वाढवून मागणारे."

"मग दे की. कंपनीचा फायदाच आहे."

"जुना प्लॅन बंदच होतोय, काका. माझ्या हातात काही नाही." मग ती जरा पुढे वाकली. "कोणाचा फोन टाळायचाय का? संकोचू नका. नंबर सांगा, ब्लॉक करून देते. पुन्हा वाजणार नाही."

लझहरचा चेहरा उतरला. पुन्हा वाजणार नाही, हे त्याला कोणी इतक्या सहज आणि इतक्या मायेने सांगितलं नव्हतं. "नको, पोरी," तो म्हणाला, "तसलं काही करू नकोस." आणि फोन हाताने घट्ट धरून बाहेर पडला, जणू ती मागून येऊन तो हिसकावून घेणार होती.

एक तारीख आली. संध्याकाळी तो कॉफीच्या दुकानात गेलाच नाही. अंगणात डाळिंबाखाली टेबल मांडून बसला. अजान झाली. फोन वाजला. एक रिंग झाली. लझहरने तो तुटायची वाट पाहिली, पण तो तुटला नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. इतकी वर्षं त्या फोनने त्याच्या अंगणात एवढा आवाज कधी केला नव्हता. लझहर नुसता बघत राहिला. हात पुढे गेला, मागे आला. मग फोन आपोआप गप्प झाला.

आता उलट बीप द्यावी, तर ती उचलणार. न द्यावी, तर ती काय समजेल? त्याने फोन उचलून ठेवला, ठेवून उचलला, आणि शेवटी दिलीच नाही. त्या रात्री त्याला घास उतरला नाही.

सकाळी तो सालमच्या दारात उभा राहिला. सालम चहात बदाम टाकत होता. लझहरचा चेहरा पाहून त्याने दुसरा पेला मांडला.

"काल वाजतच राहिला," लझहर म्हणाला.

"मग?"

"मग काय? शपथ आहे."

"लझहर, एक ऐक," सालम म्हणाला, आणि या वेळी चक्क हळू बोलला. "अपमान झाला तो माझा. माझ्या पोराला नकार आला. तो पोरगा आज इटलीत आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत, पोट सुटलंय. मी विसरलो. तो तर दुसऱ्याच आठवड्यात विसरला. तू कोणाच्या वतीने रुसून बसलायस?"

"मी अल्लाची शपथ घेतलीय."

"आणि शपथ मोडली तर काय करायचं तेही त्यानेच सांगून ठेवलंय. दहा गरिबांना जेवू घाल. ऐपत नसेल तर तीन रोजे धर. गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तर परत फिरायची सोय असतेच की. तूच तर ड्रायव्हर."

"तुझं ज्ञान तुझ्यापाशी ठेव," लझहर म्हणाला. पण चहा पुरा प्यायला.

संध्याकाळपर्यंत त्याने मनाशी एक तोड काढली. फोन उचलणं म्हणजे बोलणं नव्हे. आपण उचलायचा, कानाला लावायचा आणि गप्प बसायचं. ती बोलेल, आपण ऐकू. शपथही राहील आणि पोरीलाही कळेल. वकिलाला शोभेल असा हा विचार त्याला फार आवडला. अजान झाली, फोन वाजला, आणि पहिली रिंग संपायच्या आत त्याने हिरवं बटण दाबलं.

पलीकडे नळाचं पाणी पडत होतं, ते बंद झालं.

"हॅलो?" दोरसाफ म्हणाली. आवाज जरा जाड झाला होता. "कोण आहे?"

लझहर ठरल्याप्रमाणे गप्प.

"कोण आहे तिकडे? हा माझ्या बाबांचा फोन आहे. तुमच्याकडे कसा आला?" मग तिचा आवाज एकदम बदलला. "सालमकाका? सालमकाका, तुम्ही आहात का? बोला ना. काल बीप परत आली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी आपली समजले, रागावले असतील. कधी झालं? मला कोणी कळवलं का नाही?"

आणि ती रडायला लागली. आई गेली तेव्हा रडली होती तशीच, तोंडावर हात दाबल्यासारखी.

लझहरच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. सहा वर्षांत त्याने फोन कधी उचलला नव्हता. त्या पोरीच्या लेखी हा फोन उचलणारा माणूस कोणीही असू शकत होता, फक्त तिचा बाप असू शकत नव्हता. फोन उचलला गेला, याचा तिने एकच अर्थ काढला होता, की बाप मेला. असं समजायला आपणच तिला शिकवलं, हे त्याला कळलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. शपथ, वीस साक्षीदार, वकिली तोड, सगळं त्याच्या मनातून निघून गेलं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "मेलो नाही मी. मीच आहे."

पलीकडे हुंदका मध्येच थांबला.

"तुम्ही उचललात," ती म्हणाली.

"आता फुकट आहे."

ती हसली की पुन्हा रडली ते त्याला नीट समजलं नाही. बहुतेक दोन्ही. "आणि शपथ?" तिने विचारलं.

"मोडली की आत्ता. तीन रोजे धरीन. दहा माणसं जेवू घालायला मी काय कंपनीचा मालक आहे?"

"एक मी धरते."

"शपथ माझी. तू कशाला मध्ये?"

"भांडताना मीही होतेच ना, बाबा."

उभी हयात टॅक्सीत उतारूंशी गप्पा मारलेल्या लझहरला एवढंच सुचलं. "जेवलीस?" त्याने विचारलं.

"करतेय अजून. कुसकुस."

"भोपळा घातलास का? तुझी आई घालायची."

"घातलाय."

तेवढ्यात पलीकडून एक बारीक आवाज आला. "आई, कोण आहे गं?"

"आजोबा आहेत तुझे. गाबेसचे."

"बीपवाले?" पोरगी म्हणाली. "ते बोलतात?"

लझहरने फोन कानापासून जरा दूर धरला आणि डोळे पुसले. मग परत कानाला लावून म्हणाला, "दे तिच्याकडे."

पोरगी बोलत बसली. तिला एक मांजर होतं, त्याचं नाव होतं, त्याची तक्रारही होती. तिचं झाल्यावर दोरसाफ पुन्हा आली, आणि मग एक अडचण उभी राहिली. फोन ठेवायचा कसा, हे दोघांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो वाजता वाजताच तुटायचा.

"ठेव आता," लझहर म्हणाला. "ताटं वाढ."

"तुम्ही ठेवा."

"तू ठेव. वाजवलास तू."

कोणीच ठेवला नाही. अंधार पडत चालला होता. लझहरने फोन चालूच टेबलावर ठेवला आणि उठून दिवा लावला. परत येऊन बसला तेव्हा बिझर्तला ताटं मांडली जात होती, आणि ती पोरगी विचारत होती, आजोबा अजून आहेत का.

"आहे," तो म्हणाला.