आधी तिघांना

माझ्या वर्गात फळ्याच्या वर एक पाटी होती. ‘अडलं तर आधी तिघांना विचारा, मग बाईंना.’ अक्षरं मीच रंगवलेली, लाल ऑइलपेंटने. त्या पाटीपायी वैष्णवीचे डोळे गेले असं मी म्हटलं, की आमच्या हेडबाई सत्यशीलाबाई म्हणतात, ‘काचबिंदूने गेले. पाट्यांनी डोळे जात नाहीत.’ बरोबरच आहे त्यांचं. तरी पाटी मी काढली.

गट करून शिकवायची पद्धत मला कुणी शिकवली नव्हती. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पुस्तिका हाताला लागली, बाकीचं मोबाईलवर बघून बघून. पाचवीचे बाक मी जोडून टाकले, चौघांचा एक गट. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं, एकाने वेळ बघायची, एकाने उभं राहून सांगायचं. दर आठवड्याला कामं बदलायची. आणि गुण एकट्याला नाहीत, गटाला. जोडलेले बाक बघून सत्यशीलाबाईंनी दारातूनच विचारलं होतं, ‘पंगत किती वाजता बसणार? नाही, मी डबा आणला नसता.’

पण महिन्याभरात वर्ग पालटला. वीस वर्षं ‘बाई, हा बघा ना’ ऐकून किटलेले माझे कान निवांत झाले. मुलं एकमेकांना विचारत, एकमेकांना सांगत. मी टेबलापाशी बसून वह्या तपासायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

त्यातही चौथा गट माझा लाडका. आमीर, मेहजबीन, रविराज आणि वैष्णवी. आमीर बोलका, मेहजबीनचं अक्षर मोत्यासारखं, रविराजला गणित येई आणि दुसरं काही येत नसे. वैष्णवी उभी राहून सांगायची. काय सांगायची! कागदाकडे न बघता, खडान्‌खडा. दिवाळीनंतर हा गट पहिल्या नंबरावरून हललाच नाही. कामं बदलायची असतात हे मी दोनदा बोलून दाखवलं. आमीर म्हणाला, ‘बाई, तिला सांगायलाच आवडतं.’ मी म्हटलं, असू दे. नंबर पहिला असला की नियमाकडे कोण बघतं.

वैष्णवीची वहीही सुधारली होती. वेडंवाकडं अक्षर एकदम सुबक झालं. मी खाली लाल शाईने लिहिलं, ‘अक्षरात छान प्रगती.’ शेजारीच मेहजबीनची वही होती. दोन्हींतलं अक्षर एकच आहे, हे मला दिसलं नाही. डोळे तपासायला हवे होते ते माझे.

फेब्रुवारीत शिक्षण खात्यातून एक साहेब माझा वर्ग बघायला आले. आदल्या दिवशी मी सगळा प्रयोग एकदा करून घेतला होता. साहेब हुशार निघाले. म्हणाले, ‘गट मोडा बघू. नवे करा. पाठ केलेलं नको.’ मला काय भीती? मी नव्या गटांना ‘माती’ या धड्यावरच्या चिठ्ठ्या वाटल्या. वैष्णवी खिडकीपाशी गेली, बाकांना हात लावत लावत. तिची सांगायची पाळी आली तेव्हा ती चिठ्ठी धरून उभी राहिली आणि पाण्याबद्दल सांगायला लागली. आदल्या दिवशीचं, खडान्‌खडा. चिठ्ठी हातात उलटी होती.

वर्ग हसला. तिघं हसली नाहीत.

‘पाचवीतच आहे ना ही?’ साहेबांनी मला हळूच विचारलं.

आमीर उठला. ‘बाई, तिला दिसत नाही.’

‘म्हणजे?’

‘वाचायचं दिसत नाही. फळ्यावरचं पण नाही.’

‘कधीपासून?’

त्याने रविराजकडे पाहिलं. रविराज म्हणाला, ‘दिवाळीच्या सुट्टीपासून. आधी थोडं दिसायचं, मग आम्ही तिला हळूच वाचून दाखवायला लागलो.’

‘आणि मला का नाही सांगितलं रे?’

आमीरला प्रश्नच कळेना. त्याने पाटीकडे बोट केलं. ‘तुम्हीच म्हणालात ना, आधी तिघांना. तिने विचारलं तिघांना. आम्ही सोडवलं की.’

त्याच संध्याकाळी वैष्णवीला आणि तिच्या आजीला, सोजरबाईंना, घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. आई कामावर होती, ती स्वारगेटहून बसने थेट तिथे आली. डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं. मुलांनाही काचबिंदू होतो म्हणाले, दुखत नाही, गुपचूप चढत जातो. उजवा डोळा गेलेला होता. डाव्यात थोडं उरलं होतं. ऑपरेशन करायचं ते उरलेलं टिकवायला. गेलेलं परत येत नाही. ‘दिवाळीत आणली असती तर,’ एवढं बोलून ते थांबले, आणि मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर वाचत राहिले.

बाहेर बाकड्यावर सोजरबाई म्हणाल्या, ‘घरात भांड्याला, उंबऱ्याला धडकायची वं. म्या म्हनलं, वाढतं वय हाय, ध्यान नसंल. तिची आई म्हनली, डोळं दाखवू या का. मीच म्हनलं, साळंत पयला नंबर हाय पोरीचा. डोळं धड नसतं तर नंबर आला असता का?’

त्यांनी हे मला बोल लावायला म्हटलं नव्हतं. लावला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशननंतर वैष्णवी महिनाभराने शाळेत आली, जाड काळा चष्मा लावून. पाटी तोवर निघाली होती. आता मुलं पेनचं टोपण हरवलं तरी माझ्याकडे येतात. रांग लागते. सत्यशीलाबाई म्हणतात, ‘रेशनचं दुकान काढलंत का?’ मी कुणाला परत पाठवत नाही.

चौथ्या गटाने पुन्हा तिला वाचून दाखवायला सुरुवात केली, फक्त आता हळू आवाजात नाही. जूनपासून वैष्णवी अंध मुलींच्या निवासी शाळेत जायची होती, बोटांनी वाचायला शिकायला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळी मुलं निकाल घेऊन पळाली. ही चौघं मात्र टेबलापाशी येऊन उभी राहिली. मेहजबीनने वैष्णवीचा हात धरला होता.

‘काय हवंय?’

‘बाई,’ वैष्णवी म्हणाली, ‘एक अडलंय. मी आधी तिघांना विचारलं. त्यांना येत नाहीये.’

‘पाटी काढली ना आता. थेट विचारायचं.’

‘तरी विचारलं.’ तिने मान जरा तिरकी केली. उरलेल्या डोळ्यात मला बसवायला तिला तसं करावं लागतं. ‘हा डोळा राहील का?’

तिघं माझ्याकडे बघत होती. पुस्तिकेत, व्हिडिओंत, माझ्या वीस वर्षांत कुठेही त्याचं उत्तर नव्हतं. मुलांना खोटं सांगायची मला सवय आहे, सगळ्याच बाईंना असते. पण हा प्रश्न रीतसर तिघांकडून माझ्यापर्यंत आला होता. दिवाळीत यायला हवा होता तो.

‘मलाही नाही येत गं,’ मी म्हटलं.

वैष्णवीने थोडा विचार केला. मग आमीरला म्हणाली, ‘बघ. मी म्हटलं होतं ना, अवघड आहे.’

आमीरने तिचं दप्तर उचललं, रविराज पुढे झाला. वर्गाच्या दारापाशी तो थांबून म्हणाला, ‘उंबरा,’ आणि चौघं बाहेर पडली.