सकाळचा रकाना

"ब्याण्णव पौंड," इंदुताईंनी काट्यावरचा आकडा वाचला आणि कार्डावर लिहिला. पहिल्या वर्षाचा रंगराव काट्यावरून उतरला. सकाळच्या खाण्याच्या रकान्यात त्याने आधीच लिहून ठेवलं होतं : दूध, दोन भाकरी.

ते खोटं आहे, हे इंदुताईंना ठाऊक होतं. पुण्यातल्या या कॉलेजच्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या आणि रोज चिंचवडहून पहिल्या गाडीने येत. मोशीहून सायकल मारत आलेला हा मुलगा चिंचवडच्या फलाटावर नळाचं पाणी पिऊन डोळे मिटून बसलेला त्या दोन महिने पाहत होत्या.

डॉक्टरांनी छाती तपासली. अजून दोष नव्हता, पण दिवाळीपर्यंत वजन वाढलं नाही तर वर्षभर घरी बसावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळी गाडीत इंदुताई त्याच्या शेजारी बसल्या. रंगराव अडखळत बोलला. वडील नव्हते. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची. त्याला पहाटे भाकरी द्यायची तर तिला तीनला उठावं लागलं असतं. म्हणून कॉलेजात सकाळचं खायला देतात, असं त्याने तिला सांगून टाकलं होतं.

"आईला सांगू नका," एवढंच तो म्हणाला.

रविवारी इंदुताई मोशीला गेल्या. पोरगा आपलं तोंड पाहणार नाही, असं वाटेत सारखं मनात येत होतं. तरी त्यांनी त्याच्या आईला, तानाबाईंना, सगळं सांगितलं. तानाबाई बाजरी पाखडत होत्या. सूप थांबलं. रंगराव मान खाली घालून उभा राहिला.

"माझी झोप मोडंल म्हून उपाशी जात व्हतास व्हय?" तानाबाई म्हणाल्या. "मंग सोताला भाकरी थापाया काय झालं? हात धू अन् बस हितं."

गाव हसेल, असं तो पुटपुटला.

"हसू दे. शिकायाच जातूस नव्हं? ह्ये बी शीक."

पहिली भाकरी उचलतानाच तुटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी इंदुताईंनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर करपलेल्या कडेसकट खाल्ली.

दिवाळीआधी वजन अठ्ठ्याण्णव भरलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

जानेवारीतल्या एका थंड सकाळी इंदुताई फलाटावर आल्या, तेव्हा रंगरावाच्या बाकाभोवती तीन मुलं उभी होती. नुसत्या चहावर कॉलेज गाठणारी. त्याने भाकरीचे चार तुकडे केले. आपल्याकडून भाकरीच्या कडा का फाटतात, असं एकाने विचारलं, तेव्हा पीठ गरम पाण्यात मळायचं, असं तो मन लावून सांगू लागला. गाडी आली. मुलं बोलत बोलतच चढली.

बायकांच्या डब्याकडे जाताना इंदुताईंनी खिडकीतून आत पाहिलं. रंगराव उभाच होता, आणि त्याचे दोन्ही तळवे हवेत एक गोल भाकरी हळूहळू थापत होते.