प्रोबवरची चीर

सोनोग्राफीच्या खोलीत मदतनीस म्हणून मावशींना बावीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातून साधा कपही फुटला नव्हता. काल दुपारी मात्र प्रोब सुटला. प्रोब म्हणजे वायरला जोडलेला, पोटावर फिरवायचा दांडा. तो फरशीवर आपटला आणि पुढच्या करड्या भागावर केसाएवढी चीर गेली. मावशींनी मशीन लावून पाहिलं. चित्र स्वच्छ येत होतं. मग पर्समधलं बिनरंगी नेलपॉलिश चिरेवर फिरवून त्या गप्प बसल्या. त्यानंतर तिघींची तपासणी झाली.

आज सकाळी पहिला नंबर त्यांच्या मुलीचा होता. सातवा महिना.

"आई, पोटुशी मी आहे. कळा तुला येतायत का?" पलंगावर आडवी होत मुलगी म्हणाली.

मावशींना हसू आलं नाही. डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल पसरलं आणि रोजचा प्रश्न विचारला, "मावशी, प्रोब पाहिलात?"

रोजचं उत्तर होतं, 'पाहिला.' ते इतकं ठरलेलं, की बाईंचा हात थांबतही नसे. आजही थांबला नाही. प्रोब पोटापासून वीतभर अंतरावर आला तेव्हा मावशींनी बाईंचं मनगट धरलं.

"तो पडलाय. काल."

बाईंनी आधी मशीन बंद केलं, प्लग काढला, मगच प्रोब खिडकीशी नेला. उजेडात पॉलिश चमकलं.

"चित्र तर नीट येत होतं हो," मावशी पुटपुटल्या.

"रेनकोट फाटला तरी माणूस चालतोच की, मावशी. हे वरचं आवरण म्हणजे प्रोबचा रेनकोट. आत वीज, बाहेर ओलं जेल. जेल चिरेतून आत शिरलं, की विजेला अंगावर यायला वाट मिळते. नेलपॉलिशनं रेनकोट शिवला जात नाही."

"म्हणजे मला शॉक बसला असता?" मुलगी उठून बसली.

"कदाचित नसताही बसला. पण कोणाच्या पोटावर मी 'कदाचित' फिरवणार नाही." बाईंनी मशीनवर 'वापरू नये' असा कागद चिकटवला. "पडल्यावर कोणाला लावला होता?"

"तिघींना," मावशी म्हणाल्या.

मुलगी पोटावरचं जेल पुसत होती. तिचा हात थांबला. "त्यांच्या वेळी नाही गं धरलास बाईंचा हात?"

 मावशी रजिस्टर उघडून फोनजवळ बसल्या आणि तिघींना एकेक करून फोन लावू लागल्या. पहिलीला मुंग्यासुद्धा आल्या नव्हत्या. दुसरी म्हणाली, बाळ सकाळपासून लाथा मारतंय. बाईंनी दोघींनाही दुसऱ्या मशीनवर तपासायला बोलावलं.

तिसरीचा फोन वाजत राहिला. शेवटी आपोआप बंद झाला. मावशींनी पदराला हात पुसले, आकड्यांवर बोट ठेवून नंबर पुन्हा वाचला आणि पुन्हा लावला. मुलगी शेजारी येऊन बसली होती.