ढोल्याचं लिव्हर

माझा मेहुणा फक्त खाण्यासाठी जन्माला आलाय, असं माझं लग्नापासूनचं ठाम मत होतं. घरात त्याला सगळे ढोल्या म्हणत आणि तोही आनंदाने ओ देई. धंदा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर आणि हात बिस्किटांच्या पुड्यात. "भाऊजी, समोरून ट्रक आला की हे लोक डोळे मिटतात. तोंडात काहीतरी नको का धीराला?" असं त्याचं म्हणणं. मी फ्रीज दुरुस्त करतो, त्यामुळे कुठल्या घरात काय खातात ते मला दार उघडताच कळतं. ढोल्याचा फ्रीज मी दोनदा दुरुस्त केला होता आणि दोन्ही वेळा तो रिकामा करण्यातच माझी अर्धी सकाळ गेली होती.

या माणसाच्या पोटावर एक दिवस माझ्या बायकोचा जीव अवलंबून असेल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बायकोने कधी दारूला हात लावला नाही, कधी काही वावगं खाल्लं नाही. तिचं शरीरच तिच्या यकृतावर उलटलं. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, बोलता बोलता शब्द हरवू लागले. एका दुपारी तिने मला विचारलं, "अहो, तुम्ही कोण?" आणि मग आपण काय विचारलं ते कळून ती रडायला लागली. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की आता जवळच्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती वाचेल. माझा रक्तगट जुळेना. जुळला तो तिच्या धाकट्या भावाचा, ढोल्याचा.

"घ्या की," तो म्हणाला. एवढंच.

पण तपासणीत त्याचं यकृत चरबीने भरलेलं निघालं. "हे असलं मी तिच्यात बसवणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "ते तिथे काम करणार नाही आणि इथे तुमच्याही जिवावर बेतेल. वजन उतरवून या. तीनेक महिने मी तिला कसंबसं सांभाळीन. त्यापुढचं मला विचारू नका."

"चरबी जाते का पण त्यातली?" मी विचारलं.

"जाते. यकृतासारखा दिलदार अवयव दुसरा नाही. माणूस नीट वागला की ते मागचं सगळं विसरतं."

ढोल्याने घरी येऊन खाणंच बंद केलं. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, हा त्याचा स्वभावच. पाणी, काकडी आणि हट्ट, एवढ्यावर त्याने आठवडा काढला. वजनाचा काटा भराभर खाली आला आणि आम्ही सगळे खूश. मी तर त्याची पाठ थोपटली. मग एका सकाळी एका बाईंना वळण घ्यायला शिकवताना तो बसल्या जागी बेशुद्ध पडला. गाडी त्या बाईंनीच कडेला घेऊन लावली, तीही सरळ.

सर्जनबाईंनी त्याला असा झाडला की मीच खुर्चीत अंग चोरून बसलो. "मला दाता हवाय, सांगाडा नको. उपाशी राहून तुम्ही स्नायू घालवताय, ताकद घालवताय. आणि उपास सोडाल त्या दिवशी दुपटीने खाल, ते मला आजच दिसतंय. जेवा. आणि चाला. दोन्ही. एकावर भागणार नाही."

मग सुरू झालं ते मला आधी फारच मामुली वाटलं. ताटात अर्ध्या भागात भाजी, उरलेल्यात मासा किंवा अंडी आणि थोडा पाव. पोट फुटेपर्यंत नाही, पोटापुरतं. सकाळी आमच्या इमारतीमागच्या मैदानात पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या, संध्याकाळी जिने. पहिल्या दिवशी एका फेरीत त्याची जीभ बाहेर आली. वरून खिडकीतून बायको बघत होती. ती हसली, आणि तिला हसताना बघून मला भरून आलं, कारण तिचं हसूसुद्धा पिवळं दिसत होतं.

महिन्याभराने काटा अडला. दिवसामागून दिवस गेले, तो ढिम्म हलेना. ढोल्याचा चेहरा उतरला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हा बाहेर चोरून खात असणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणून एका सकाळी मी त्याच्या मागे मागे गेलो. मैदानातून निघून तो सरळ बेकरीसमोर उभा राहिला. भट्टीतून ताजा माल निघत होता. आत गेला, एक गोड पाव घेऊन बाहेर आला. माझं डोकं सणकलं. तिकडे बहीण मरणाच्या दारात, आणि याला पाव सुचतोय.

त्याने पाव मधोमध मोडला. अर्धा तिथेच उभ्या उभ्या, सावकाश, डोळे मिटून खाल्ला. मग मागे न वळताच म्हणाला, "भाऊजी, खांबाआड तुम्ही मावत नाही. या, अर्धा तुमचा."

मी ओशाळून पुढे झालो. "हे रोज चालतं?"

"आठवड्यातून एकदा. सर्जनबाईंना सांगून." त्याने हात झटकले. "सगळं सोडलं ना, तर मी एक दिवस सगळंच परत धरीन. मला मी माहीत आहे. अर्ध्यावर थांबता आलं तर जन्मभर जमेल. चला, आज एक फेरी जास्त."

तो निघाला आणि मी अर्धा पाव हातात धरून बघत राहिलो. आयुष्यभर ज्याच्या खाण्यावर मी विनोद केले, तो ताज्या पावाच्या वासात उभं राहून अर्ध्यावर थांबला होता. मला ते कधी जमलं नसतं. माझ्या हातातला अर्धा तर केव्हाच संपला होता.

काटा पुढे पुन्हा हलला, आपल्या चालीने. पुढच्या तपासणीत सर्जनबाईंनी आधीचं आणि आताचं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. फ्रीजवाल्यालाही कळावा इतका फरक होता. चाळीस वर्षांचं खाणं त्या माणसाने तीन महिन्यांत धुऊन काढलं होतं. मी तोंडात बोट घातलं, अगदी खरोखरच.

ऑपरेशन झालं. तुकडा बायकोत गेला आणि तिथे वाढला. ढोल्याच्या पोटात जे उरलं, तेही वाढलं. काही महिन्यांत एकाचं यकृत दोघांना जवळजवळ पुरतं झालं. ही गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल, आणि सांगताना दर वेळी माझ्याच अंगावर काटा येतो.

बायकोला पुन्हा भूक लागली. औषधांनीही भूक वाढत होती, आणि आम्ही सगळे तिला भरवायला टपलेलो. इतके महिने जिने घास टाकला होता ती आता मागून घेतेय, हे बघून कोण थांबवणार? दीड वर्षाने एका नेहमीच्या तपासणीत कळलं. तिच्या नव्या यकृतावर चरबी धरू लागली होती.

"त्याला सांगू नका," एवढंच ती वाटेत बोलली. घरी आल्यावर तिने जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच. मी ढोल्याला फोन केला.

तो कामावरून तसाच आला. ती त्याच्याकडे बघेना. "तू एवढं घासूनपुसून दिलंस आणि मी वाट लावली," म्हणाली.

"उपाशी आहेस ना? त्याला उपास सोसत नाही, ताई. इतकी वर्षं माझ्याकडे होतं, मला विचार." त्याने स्वयंपाकघरात जाऊन अंडी उकडली, भाजी परतली, दोन ताटं वाढली आणि तिच्यासमोर बसून जेवला. ती त्याच्याबरोबर जेवली. मग तो तिला खाली मैदानात घेऊन गेला. मीही निघालो.

अर्ध्या फेरीत ती दमली आणि कठड्यावर टेकली. "तू अजून रोज चालतोस," ती म्हणाली. "माझं काम तर कधीच झालं."

तो जरा घुटमळला. "ऑपरेशननंतर मी सर्जनबाईंना विचारलं होतं. पुढेमागे हिला पुन्हा लागलं तर मी देऊ शकतो का. नाही म्हणाल्या. एकदाच देता येतं."

"मग?"

"मग म्हटलं, तुकडा नाही तर सोबत तरी देता येईल. तुला कधी ना कधी चालावं लागणार होतं. तेव्हा बरोबर सवय असलेलं कुणीतरी हवं."

बायको डोळे पुसून उठली आणि चालू लागली. तो तिच्या चालीने चालत होता, आणि त्या दोघांच्या मागे, धापा टाकत, मी.