सहाव्या आठवड्याचं पाणी

मी एक काचेची बरणी आहे, सांडपाण्याची. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. तुमच्याच न्हाणीघरातलं आणि संडासातलं पाणी मी अकरा वर्षं पोटात घेतलं, ते काही हौसेनं नाही.

गावाचं सांडपाणी शुद्ध करायचं आमचं केंद्र अगदी लहान. दोन टाक्या, हवा सोडणारा पंप, एक खोली आणि एकटे ऑपरेटर. त्यांना सगळे मामा म्हणायचे. रोज सकाळी मामा मला टाकीतल्या पाण्यानं भरून खिडकीत ठेवायचे आणि घड्याळ बघत बसायचे. टाकीतले जंतू घाण खातात आणि गाळ होऊन खाली बसतात. अर्ध्या तासात माझ्या तळाशी तपकिरी गाळ आणि वर नितळ पाणी दिसलं, की मामांची कळी खुलायची.

"माझी लेकरं धडधाकट आहेत गं!" असं मला सांगायचे.

सख्ख्या लेकीला मात्र या कामाची लाज वाटायची. शाळेत कुणी विचारलं, की "बाबा पाणीखात्यात आहेत" म्हणून ती वेळ मारून न्यायची. मामांना ते ठाऊक होतं. बोलले कधीच नाहीत.

पुढे ती शिक्षिका झाली. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, माझा वर्ग तुमचं काम बघायला आणते. ती बरणीची गंमत दाखवाल ना?"

मामा हरखून गेले. पंप पुसला, खिडकी पुसली, मला तर तीनदा घासलं. आणि तिथेच त्यांची मती फिरली. पोरांनी नाकाला रुमाल लावले तर लेकीची मान खाली जाईल, या एका धास्तीनं त्यांनी आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडरचं अख्खं पोतं टाकीत रिकामं केलं. टाकीत फिनाइलचा थेंब पडला तरी जंतू मरतील म्हणून सफाईवाल्यांशी कडाकडा भांडणारा माणूस हा! मी खिडकीतून बघत होते. ओरडावंसं फार वाटलं, पण मला कुठलं तोंड?

पोरं आली. "बाई, इथं तर पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय!" एक मुलगी म्हणाली. सगळे हसले. मामांनी ऐटीत मला भरलं.

अर्धा तास झाला, पाऊण झाला. पाणी गढूळ ते गढूळच. मी जीव तोडून वाट पाहिली हो, पण मेलेले जंतू काही केल्या खाली बसेनात. पोरं चुळबुळू लागली.

"पंप बिघडलाय," मामा खाली बघत म्हणाले.

लेकीनं कोपऱ्यातलं रिकामं पोतं पाहिलं. पोरं फाटकाबाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वास आला असता तरी चाललं असतं, बाबा. मीच त्यांना सांगून आणलं होतं, वास येईल, रुमाल काढायचे नाहीत म्हणून."

पाच आठवडे गढूळ पाणी ओढ्यात जात राहिलं. शेजारच्या केंद्रातून पिंपं भरभरून जिवंत गाळ आणून मामांनी टाकी पुन्हा उभी केली. पण पुन्हा वर्ग आण, असं काही लेकीला त्यांच्यानं म्हणवलं नाही. वर्षाअखेर ते निवृत्त झाले. आता पाणी यंत्र मोजतं आणि मी फळीवर धूळ खात पडलेय.

तुमच्यापैकी कुणाला ती बाई शिकवत असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या. सहाव्या आठवड्यात पाणी लख्ख नितळ झालं होतं, आणि तुझे बाबा मला समोर ठेवून, फोन हातात घेऊन संध्याकाळपर्यंत बसले होते.