स्कर्ट घालून लढायचं

सुकापूरची मैना पहिल्यांदा बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरली ती २००१ साली, भावाची हाफपँट नाडीने आवळून. तिच्याशी लढायला तेव्हा अख्ख्या तालुक्यात मुलगी नव्हती, म्हणून ती पोरांबरोबर सराव करी. नाक मोडलं तेव्हा आईने आठवडाभर अबोला धरला. पुढे तिने राज्याचं पदक आणलं. खांदा कायमचा दुखावल्यावर कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या रिकाम्या गोदामात ती मुलींना शिकवू लागली. तिच्या चार पोरी राज्यविजेत्या झाल्या.

अशा बाईच्या हातात २०११ च्या पनवेलच्या स्पर्धेत काशिरामशेठने स्कर्टांची पिशवी दिली. शेठ धंद्याने बिल्डर, आयोजन समितीचा अध्यक्ष.

"पोरी हे घालून खेळतील. लांबून कळत नाय, पोरगा हाय का पोरगी."

"माईकवर नाव पुकारता ना? निशा कुठल्या पोराचं नाव हाय?"

"ताई, लोकं बघायला यायला पायजेत."

"काय बघायला?"

शेठ मोबाईलमध्ये बघू लागला.

मैनाच्या हाताखाली शिकणाऱ्या, कोन गावच्या निशाची अंतिम लढत होती. तिने पिशवीत डोकावून मान हलवली. "मी नाय घालणार."

"लढत जाईल," मैना म्हणाली.

"जाऊ दे."

निशा शॉर्ट्सवरच रिंगमध्ये गेली. समोरची मुलगी ग्लोव्हजनी स्कर्ट खाली ओढत होती. घंटा झालीच नाही. पंचाने त्या मुलीचा हात वर केला आणि टेबलावरच्या कारकुनाने लिहिलं, 'निशा गैरहजर'.

ते वाचून मैनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती तुमच्या नाकासमोर उभी हाय, आणि गैरहजर?"

"मॅडम, फॉर्मवर तेवढाच रकाना आहे."

"मग खाली लिवा. स्कर्ट घातला नाय म्हणून हरवली."

ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली. पुढची लढत अर्धा तास खोळंबली, तेव्हा कुठे कारकुनाने लिहिलं. त्या कागदाची झेरॉक्स तिने राज्य संघटनेला पाठवली. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी स्कर्ट गुपचूप गायब झाले. चूक कुणाची, हे कुणीच बोललं नाही.

त्या वर्षी निशाने राज्याचं सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर झळकला : हात जोडलेला काशिरामशेठ दाराएवढा, कोपऱ्यात निशा, खाली 'शेठच्या मार्गदर्शनाखाली'. मैनाने गोदामातून शिडी आणली आणि भरदुपारी, सगळ्या रिक्षावाल्यांदेखत, बॅनर उतरवला. कुणी अडवलं नाही.

तासाभरात तिला शेठचा फोन आला. तिने उचलला नाही. गोदामात पोरींचा तिसरा राउंड चालू होता.